पाण्यानें गिळलेला वारा

भर पावसाळ्यांत पवनीच्या बाजूस जाण्याचा प्रसंग आला, तर गोसीखुर्दचें धरण पाहिल्यावांचून परत फिरणारा मनुष्य विरळा. भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेवर बांधलेलें हें धरण अकरा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. त्याची कोनशिला १९८८ सालीं बसविली गेली. त्याच्या सांडव्याला तेहतीस वक्राकार दारें आहेत. साधा पूर असला म्हणजे त्यांतील कांहीं थोडीं उचलतात. १९२० नंतरच्या शंभर वर्षांत भंडाऱ्याच्या लोकांनीं अनेक पूर पाहिले, पण २०२० च्या ऑगस्टअखेरीस आलेल्या महापुरांत तेहतीसच्या तेहतीस दारें उघडावीं लागलीं, ही गोष्ट भंडारेकरांच्या स्मरणांतून इतक्यांत जाणारी नाहीं.

दारांच्या वरच्या अंगाला पाणी मातकट, जड आणि संथ दिसतें. दाराखालून तें सुटतें आणि पायथ्याशीं पोहोंचतें न पोहोंचतें तोंच त्याचें रूप पालटतें. त्याच्यावर शुभ्र फेंस उसळतो, तुषार उडतात, आणि कानठळ्या बसविणारा घोष सुरू होतो. पाहणारे ‘दुधासारखें पाणी’ म्हणून कौतुक करतात. पण धरणाच्या वर जें पाणी मातीच्या रंगाचें होतें, तें क्षणार्धांत पांढरें कां झालें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पाण्यांत कांहीं तरी मिसळल्याखेरीज त्याचा रंग पालटणार नाहीं, हें उघड आहे. जें मिसळलें तें दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या भोंवतालचा वारा होय. वाऱ्याचे असंख्य बुडबुडे पाण्यांत शिरतात, प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठावरून प्रकाश परततो, आणि पारदर्शक पाणी व अदृश्य वारा या दोन रंगहीन पदार्थांच्या मिश्रणांतून पांढरा रंग निर्माण होतो.

पाण्यानें वारा गिळण्याच्या या व्यवहाराचा इतिहास वाचकांपुढें मांडावा, असा आमचा हेतु आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु त्यांत मनुष्यस्वभावाचा एक नमुना पाहावयास मिळतो. पाणी बांधणाऱ्या लोकांनीं प्रथम या वाऱ्याला उपद्रवी ठरविलें. पुढें त्यालाच रक्षक म्हणून बोलावून आणलें. आणि सर्वांत शेवटीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, तो नदीचा श्वास आहे. यांपैकीं तिसरा अर्थ वैनगंगेच्या कांठीं राहणारांना आज सर्वांत निकडीचा आहे.

प्रथम हा व्यवहार घडतो कसा, तें पाहूं. संथ वाहणाऱ्या पाण्याच्या पृष्ठावर जणूं एक ताणलेलें कातडें असतें. वारा त्यावरून जातो, आंत शिरत नाहीं. परंतु प्रवाह प्रक्षुब्ध झाला म्हणजे त्यांत लहानमोठे भोंवरे उत्पन्न होतात. पाण्याचे थेंब पृष्ठ फोडून वर उडतात आणि पडतांना आपल्याबरोबर वाऱ्याचे कण आंत ओढून नेतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यांतून सेकंदाला सुमारें पाव मीटर या वेगानें वर येऊं पाहतो. भोंवऱ्यांची उलाढाल या वेगाहून प्रबळ असली, तर बुडबुडा वर येण्यापूर्वींच पुन्हां खालीं खेंचला जातो. म्हणजे वारा पाण्यांत राहतो तो खुषीनें नव्हे; प्रवाहाची खळबळ त्याला कोंडून ठेवते. खळबळ शमली कीं तो सुटतो, आणि पाणी पुन्हां आपल्या मूळ रंगावर येतें.

हें दृश्य मनुष्य अनादि कालापासून पाहत आला आहे. पण तें लक्षपूर्वक पाहून चितारणारा पहिला थोर पुरुष म्हणजे इटलींतील लिओनार्दो दा व्हिंची. सोळाव्या शतकाच्या प्रारंभीं त्यानें काढलेलें, कुंडांत पडणाऱ्या धारेचें चित्र आज विंडसरच्या राजसंग्रहांत आहे. धार खोल जाते, तिच्याबरोबर वारा जातो, आणि तो वर्तुळें करीत पुन्हां वर येतो, हा सर्व क्रम त्यानें केवळ डोळ्यांच्या बळावर टिपला. त्याच्यानंतर तीनशें वर्षांनीं, १८१८ च्या सुमारास, त्याच देशांतील तुरीन येथें जॉर्जिओ बिदोने यानें वेगवान् पाणी संथ पाण्याला भिडलें असतां जी उसळी उत्पन्न होते, तिचें पद्धतशीर मोजमाप केलें. गोसीखुर्दच्या पायथ्याशीं जो फेंसाळ गोंधळ दिसतो, तो याच उसळीचा होय. परंतु बिदोनेचें लक्ष पाण्याच्या उंचीकडे होतें. पाण्यांतील वाऱ्याचा हिशेब त्याच्या वहींत नाहीं.

या दोहोंच्या मधल्या काळांत आमच्या भंडाऱ्याकडे काय चाललें होतें, हें सांगणें येथें अप्रस्तुत होणार नाहीं. हा जिल्हा तलावांचा. ऊंस व भात पिकविणाऱ्या कोहळी लोकांनीं गोंड राजांच्या आश्रयानें या भागांत तलावांमागून तलाव बांधले. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधलेला नवेगांवचा बांध त्यांत अग्रगण्य. १९९९ सालीं जिल्ह्याची विभागणी झाल्यापासून तो गोंदिया जिल्ह्यांत गणला जातो. मालगुजारी गेल्यानंतर हेच तलाव ‘माजी मालगुजारी’ आणि त्याचें संक्षिप्त रूप म्हणून ‘मामा तलाव’ या घरगुती नांवानें ओळखले जाऊं लागले. कोहळ्यांनीं ग्रंथ लिहिले नाहींत. पण मातीची पाळ पाण्याच्या भाराहून पाण्याच्या उडीला अधिक भिते, हें ते पुरतें जाणून होते. म्हणून तलाव भरून वाहूं लागला म्हणजे जादा पाणी पाळीवरून न जातां बाजूच्या सांडव्यानें वाहून जावें, अशी त्यांची योजना असे. तेथें पाणी हात-दोन हात उडी घेई, थोडें पांढरें होई, आणि भाताच्या बांध्यांत शिरतांना पुन्हां शांत होई. इतक्याशा उडीला वाऱ्याचा हिशेब करण्याचें कारणच नव्हतें. तें कारण उत्पन्न झालें तें उंच धरणें आलीं तेव्हां.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दगडाचीं व पुढें काँक्रीटचीं धरणें भराभर उंच होऊं लागलीं, आणि त्यांच्या सांडव्यांवरून पाणी तीव्र उतारानें धांवूं लागलें. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती किती उंच ठेवाव्यात, याचें गणित अभियंते पाण्याच्या खोलीवरून मांडीत. प्रत्यक्षांत पाणी त्या भिंतींवरून बाहेर उसळूं लागलें. पाणी तेवढेंच होतें. पण वारा पोटांत घेऊन तें फुगलें होतें. उकळत्या दुधाचें पातेलें हिशेबापेक्षां लहान पडावें, तसाच हा प्रकार. १९२६ सालीं व्हिएन्ना येथील एरेनबर्गर यानें तीव्र उताराच्या पन्हळींतून पाणी सोडून त्यांतील वाऱ्याचें प्रमाण मोजलें, आणि या प्रश्नाला प्रथमच आंकड्यांचें रूप दिलें.

पण पांढरें होणें नेमकें कोठें सुरू होतें? सांडव्याच्या माथ्यावर पाणी कांचेसारखें नितळ असतें. कांहीं अंतर गेल्यावर तें एकाएकीं पांढरें होतें. या कोड्याचें उत्तर देण्याची सामग्री दोघांनीं आधींच तयार करून ठेविली होती. १८८३ सालीं इंग्लंडांत ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यानें कांचेच्या नळींत रंगाची रेघ सोडून, ठराविक मर्यादेपलीकडे प्रवाह शिस्त सोडून प्रक्षुब्ध होतो, हें दाखविलें. १९०४ सालीं जर्मनींतील लुडविग प्रांट्ल यानें असें प्रतिपादन केलें कीं, घन पृष्ठाचा अडथळा त्याला लागून असलेल्या पातळ थरापुरताच प्रथम जाणवतो, आणि पुढें पुढें तो थर जाड होत जातो. १९३९ सालीं अमेरिकेंतील एमरी लेन यानें या दोन विचारांची सांगड घातली. सांडव्याच्या तळाशीं जन्मलेली खळबळ प्रवाहाबरोबर वर वर चढत जाते. ती पृष्ठाला जेथें भिडते, नेमकें तेथेंच पाणी पांढरें होऊं लागतें. वारा वरून आंत येतो हें खरें, पण त्याला दार उघडून देणारा हात तळाचा असतो. पुढें १९५८ सालीं स्ट्रॉब व अँडरसन या दोघांनीं मिनिआपोलिस येथील प्रयोगशाळेंत साडेसात अंशांपासून पंचाहत्तर अंशांपर्यंतच्या उतारांवर प्रयोग करून दाखविलें कीं, अगदीं तीव्र उतारावर त्या मिश्रणांत पाण्यापेक्षां वाराच अधिक असतो. ज्याला आपण पाण्याचा लोंढा म्हणतों, तो अर्ध्याहून अधिक वाऱ्याचा लोंढा असूं शकतो!

येथपर्यंत वारा हा भिंतींची उंची वाढविणारा, खर्चांत घालणारा पाहुणा होता. त्याची दुसरी बाजू उघड झाली ती एका निराळ्याच संकटामुळें. १८९४ सालीं चार्ल्स पार्सन्स यानें ‘टर्बिनिया’ नांवाची वेगवान् नौका बांधली, तेव्हां तिचा पंखा जोरानें फिरूनहि नौकेला अपेक्षित वेग येईना. पाणी फार वेगानें जाऊं लागलें म्हणजे त्यांतील दाब उतरतो. दाब पुरेसा उतरला कीं थंड पाण्यांतच वाफेच्या पोकळ्या उत्पन्न होतात. या पोकळ्या पुढें अधिक दाबाच्या जागीं पोहोंचल्या कीं एकदम मिटतात, आणि मिटतांना शेजारच्या पृष्ठावर घणाचा घाव घालतात. या घावाचें गणित १९१७ सालीं लॉर्ड रॅले यानें मांडलें. हा घाव पोलादालाहि कुरतडतो. मग काँक्रीटची काय कथा?

१९४१ सालीं अमेरिकेंतील हूव्हर धरणाच्या बोगद्यांतून पुराचें पाणी काढून देण्यांत आलें. पाणी ओसरल्यावर आंत जाऊन पाहतात तों, बोगद्याच्या वळणाजवळ काँक्रीट आणि त्याखालचा खडक मिळून पस्तीस मीटर लांब, नऊ मीटर रुंद व सुमारें चौदा मीटर खोल खड्डा पडलेला! एवढ्या भयंकर नाशाचें मूळ काँक्रीटच्या पृष्ठावरील एका क्षुल्लक उंचवट्यांत होतें. यावर उपाय शोधीत असतां १९५३ सालीं पीटरका यानें एक आश्चर्यकारक गोष्ट सिद्ध केली. पाण्यांत थोडासा वारा मिसळला, तर हे घाव एकदम बोथट होतात. वाऱ्याचें प्रमाण शेंकडा सातच्या आसपास गेलें कीं काँक्रीटची झीज जवळ जवळ थांबते. वाऱ्याचे बुडबुडे दाबले जातात, गादीसारखे दबतात, आणि मिटणाऱ्या पोकळीचा आघात आपल्यावर घेतात. ज्याच्यासाठीं भिंती उंच करीत होते, तोच आतां भिंतींचा रक्षक ठरला.

या ज्ञानाचा उपयोग प्रथम ग्रँड कूली धरणांत १९६० च्या सुमारास करण्यांत आला. त्याची खरी कसोटी लागली ती १९८३ सालीं, ग्लेन कॅन्यन धरणावर. कोलोरॅडो नदीला अवचित मोठा पूर आला. सांडव्याच्या बोगद्यांतून पाणी सोडावें लागलें, आणि कांहीं दिवसांतच बोगद्याच्या तळाला सुमारें दहा मीटर खोल विवर पडलें. दुरुस्तीच्या वेळीं तळाला आडवी खांच ठेवून पाण्याखालीं वारा घेण्याची सोय करण्यांत आली. पुढील वर्षीं पुन्हां पाणी सोडून पाहिलें, तेव्हां काँक्रीट शाबूत राहिलें. एका साध्या खांचेनें जें साधलें, तें काँक्रीटच्या जाडीनें साधलें नव्हतें.

असे प्रश्न धरण बांधण्यापूर्वीं सोडवावे म्हणून लहान प्रतिकृति करून प्रयोग करतात. आपल्याकडे या विद्येचें पीठ पुण्याजवळ खडकवासला येथें आहे. १९१६ सालीं पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठीं सुरू झालेल्या एका छोट्या शाखेचें तें वाढलेलें रूप होय. या प्रतिकृतींत पाण्याचा वेग, खोली, लाटा हीं सर्व ठराविक प्रमाणांत लहान करतां येतात. एक गोष्ट मात्र लहान होत नाहीं, ती म्हणजे बुडबुडा. पाण्याच्या पृष्ठाचा ताण प्रतिकृतींतहि तेवढाच असतो. त्यामुळें छोट्या प्रवाहाला तें कातडें फोडून वारा आंत घेणें जड जातें. खऱ्या धरणावर जें पाणी दुधासारखें फेंसाळेल, तेंच प्रतिकृतींत कांचेसारखें नितळ वाहूं शकतें. म्हणून या विषयांत प्रयोगशाळेचा निकाल जसाच्या तसा न स्वीकारतां मोठ्या मापाच्या निरीक्षणांशीं ताडून पाहावा लागतो. निसर्ग आपलीं कांहीं रहस्यें लहान मापांत सांगतच नाहीं.

आतां पुन्हां गोसीखुर्दला येऊं. वैनगंगेवरील हें धरण लांबीनें मोठें असलें तरी उंचीनें ग्लेन कॅन्यनच्या पंक्तींतलें नव्हे. तेथील बोगद्यांत पाण्याला जो भयंकर वेग येई, तो येथें येत नाहीं. येथें वारा आंत घेतो तो मुख्यतः पायथ्याची उसळी. धांवत आलेलें पाणी तेथें एकदम थोपतें. त्याची उन्मत्त शक्ति भोंवऱ्यांत जिरते, आणि त्या जिरण्याच्या धांदलींत वारा पाण्यांत कोंडला जातो. शक्ति जिरविण्यासाठीं ही योजना केलेली असते. वारा मिळतो तो वरकड लाभ. परंतु नदीच्या दृष्टीनें पाहिलें, तर हा वरकड लाभच मोठा आहे.

कारण पाण्यांतील जीवांना जगावयास प्राणवायु लागतो, आणि तो त्यांना वाऱ्यांतूनच मिळतो. एक लिटर हवेंत सुमारें २७० मिलिग्रॅम प्राणवायु असतो. एक लिटर पाण्यांत, पंचवीस अंश उष्णतेला, तो फार तर आठ मिलिग्रॅमांच्या किंचित् वर विरघळूं शकतो. म्हणजे पाणी हें प्राणवायूच्या बाबतींत मुळांतच दरिद्री. त्यांतहि अगदीं निश्चल पाण्यांत तो केवळ रेणूंच्या हालचालीनें खालीं उतरूं लागला, तर दिवसभरांत त्याची मजल दोन सेंटीमीटरांच्या आसपासच जाईल. वारा सुटला, लाटा उठल्या, म्हणजे ही गति वाढते. पण फेंसाळ पाण्याची बरोबरी होत नाहीं. तेथें असंख्य बुडबुड्यांचें मिळून पृष्ठ एवढें विस्तृत होतें कीं, जें काम संथ पाण्याला कित्येक दिवस पुरतें, तें कांहीं सेकंदांत होऊन जातें. या उदारपणालाहि मर्यादा आहे. अमेरिकेंतील कोलंबिया नदीवर उंच सांडव्यांखालीं वारा फार खोल दाबला गेल्यामुळें पाण्यांत वायूंचें प्रमाण अतोनात वाढलें, आणि तेथील मासे व्याधिग्रस्त होऊन मरूं लागले, असें १९६० नंतरच्या दशकांत आढळून आलें. श्वाससुद्धां मापांतच हवा.

धरणाच्या वर मात्र नेमकी उलट स्थिति आहे. जेथें वैनगंगा पूर्वीं खडकांना वळसे घालीत, वाळूवरून खळखळत जाई, तेथें आज दूरवर जलाशय पसरला आहे. या जलाशयाच्या वरच्या अंगाला अंभोरा हें पुरातन तीर्थ आहे. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ची रचना येथेंच झाली असें एक परंपरा सांगते, तर दुसरी परंपरा तो मान मराठवाड्यांतील अंबेजोगाईला देते. तो वाद पंडितांनीं सोडवावा. आमच्या विषयाला आवश्यक तेवढी गोष्ट अशी कीं, येथें कन्हान नदी वैनगंगेला मिळते, आणि त्यापूर्वीं कन्हानला नाग नदी मिळालेली असते. नाग नदी नागपूर शहरांतून वाहते. शहराचें सांडपाणी तिच्या मार्गानें कन्हानेंत, कन्हानेंतून वैनगंगेंत आणि वैनगंगेंतून या संथ जलाशयांत येतें. जलाशयाच्या कांठचे लोक पाण्याच्या वासाबद्दल, रंगाबद्दल गेलीं अनेक वर्षें गाऱ्हाणें करीत आले आहेत. मासे धरून पोट भरणाऱ्या ढिवर कुटुंबांना तर हा प्रश्न वासाचा नसून भाकरीचा आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, एवढें जर पांढऱ्या पाण्याचें माहात्म्य आहे, तर वाटेंत चार कृत्रिम धबधबे बांधा, म्हणजे झालें. ही कल्पना अगदींच टाकाऊ नाहीं. शिकागो शहरानें १९९० नंतर आपल्या मलिन कालव्याच्या कांठीं असे पांच धबधबे उभारले आहेत. कालव्याचें पाणी पंपांनीं वर चढवितात आणि पायऱ्यापायऱ्यांवरून खालीं सोडतात. पाणी वारा घेतें, आणि भोंवतालच्या बागेंत फिरावयास आलेल्या लोकांना तें पाहण्याचें सुखहि मिळतें. पण हें लक्षांत ठेवावयास हवें कीं, शिकागोनें आधीं सांडपाणी शुद्ध करण्याचे कारखाने उभे केले, आणि उरलेली उणीव भरून काढण्यास धबधबे योजिले. क्रम उलटा केला तर काय होईल, तें आंकड्यांनींच सांगतां येतें. शुद्ध न केलेल्या सांडपाण्यांतील घाण कुजतांना लिटरमागें पांच दिवसांत दोनशें ते तीनशें मिलिग्रॅम प्राणवायु खाऊन टाकते. धबधबा, सांडवा, उसळी, कांहींहि असो, लिटरमागें आठ मिलिग्रॅमांच्या आसपास देऊन त्याचे हात टेंकतात. एकाचा खर्च दुसऱ्याच्या मिळकतीच्या पंचवीसपटीहून अधिक! नदी कितीहि फेंसाळली, तरी हें कर्ज ती वाऱ्यावर फेडूं शकत नाहीं.

तात्पर्य, अभियंत्यांच्या इतिहासांतून निघणारा धडा असा कीं, ज्या वस्तूला आपण हिशेबाबाहेर ठेवतों, ती कधीं ना कधीं हिशेब मागावयास येते. भिंतींच्या उंचींत वाऱ्याला जागा ठेविली नाहीं, तेव्हां पाणी भिंतींबाहेर गेलें. बोगद्यांत वाऱ्याला वाट ठेविली नाहीं, तेव्हां खडकाला विवर पडलें. आतां शहरांच्या आणि जलाशयांच्या हिशेबांत नदीच्या श्वासाला जागा ठेविली नाहीं, तर त्याचा दंड कोणी भरावयाचा? तो शहराला क्वचितच भरावा लागतो. खालच्या अंगाच्या गांवांच्या माथीं मात्र तो नेहमींच बसतो.

पावसाळा सरला कीं गोसीखुर्दचीं दारें एकामागून एक खालीं येतात. घोष थांबतो, फेंस विरतो, प्रेक्षक घरोघर जातात, आणि वैनगंगेला आठ महिने त्या संथपणांत काढावयाचे असतात. त्या आठ महिन्यांत तिच्यांत काय सोडलें जातें, याकडे दारें उघडल्याच्या दिवसाइतक्याच उत्सुकतेनें लक्ष देणारे लोक निघाले, तर कांठच्या गांवांचें गाऱ्हाणें इतकीं वर्षें पडून राहणार नाहीं.